पॅक म्हणण्याचा इतिहास

पत्त्यांचा डाव मांडला की लोक इतरांना पानं वाटतात आणि मला वही देतात. मी बँकेत आहे, एवढं एकच त्याला कारण. बँकेतल्या माणसाला बेरीज येते असा समाजाचा समज आहे, आणि बँकांनी तो अजून तरी दूर केलेला नाही. त्यामुळे गौरी-गणपतीचं जागरण असो, कोजागरी असो, की लग्नाच्या आदल्या दिवशीची कार्यालयातली ती न संपणारी रात्र असो, सतरंजीच्या कडेला भिंतीशी टेकून, कानावर पेन्सिल ठेवून बसलेला जो इसम तुम्ही पाहिला असेल, तो मी. आमच्याकडे तीन पत्तीत पैशांऐवजी काडेपेटीतल्या काड्या चालतात. पण एका काडीवरून दोन सख्खे साडू सहा महिने बोलत नाहीत असंही झालेलं आहे, तेव्हा हिशेब चोख लागतो.

या जागेचा एक फायदा आहे. खेळणाऱ्याला फक्त आपली तीन पानं दिसतात, हिशेबनिसाला सगळ्यांची तोंडं दिसतात. आमच्या बँकेचे हेडकॅशियर दिवसभर लोकांच्या लाखांनी नोटा मोजतात आणि त्यांची पापणी हलत नाही. पण रात्री स्वतःची एक काडी सोडायची वेळ आली की कपाळाला घाम! हातात दुरी, सत्ता, नव्वी, तिघांची तीन घराणी, आणि तरी हे म्हणणार, “बघू तरी!” सौ.च्या माहेरचे एक मामा हरले की दुप्पट लावतात, पुन्हा हरले की चौपट. एक काकू आहेत. त्यांना चांगली पानं आली की त्या पदर सावरून ताठ बसतात आणि “चहा कुणी टाकणार आहे का?” असं अगदी सहज विचारतात. चहाचं नाव निघालं की सगळे पटापट ‘पॅक’ म्हणून पानं टाकतात. काकूंना वाटतं, आपलं नशीब फुटकं. नशीब चांगलं आहे हो, चहा नडतो.

ही वही सांभाळता सांभाळता मला एक नाद लागला. या सवयी नुसत्या आमच्या घराण्यातल्या, की जगभर आहेत? आणि त्या कुणाला सुटल्या आहेत का? शोधत गेलो तर पोकरपाशी येऊन पोचलो. तुम्ही म्हणाल, पोकर हा अमेरिकन लोकांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, चुलत घराण्याचा आहे. इंग्रजांचा ‘ब्रॅग’ नावाचा एक तीन पानांचा खेळ. एडमंड हॉयल नावाच्या पत्त्यांतल्या पाणिनीने १७५१ साली त्यावर पुस्तिका लिहिली. हाच ब्रॅग इंग्रजांच्या सामानातून इकडे आला आणि तीन पत्ती झाला. पोकरही त्याच गोत्रातला. पानं पाच की तीन एवढाच फरक. बाकी थापा मारणं, दुसऱ्याची थाप ओळखणं, आणि वेळेवर ‘पॅक’ न म्हणणं हे संस्कार दोन्ही घरचे सारखेच.

पोकर जन्मला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या आसपास. फ्रेंचांचा ‘पोक’ नावाचा खेळ होता, त्यावरून बहुतेक हे नाव आलं. जो काउएल नावाचा एक इंग्रज नट १८२९ साली आगबोटीतून न्यू ऑर्लिन्सला निघाला होता, त्याने बोटीवरचा पोकर पाहून आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. तेव्हा खेळ वीस पानांचा होता. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. चार माणसं, प्रत्येकाला पाच पानं, जोड संपला. पान बदलून मागायची सोय नाही. आली ती पानं घ्या आणि त्यांवर पैसे लावा. या वीस पानांच्या खेळात एक गंमत होती. हातात चार राजे आणि एक एक्का आला तर तुम्हाला कुणीही हरवू शकत नाही, कारण चार एक्के दुसऱ्या कुणाकडे असणंच शक्य नाही! आयुष्यात अशी शंभर टक्के खात्री माणसाला फार कमी वेळा मिळते. पुढे बावन्न पानांचा जोड आला, पानं बदलून मिळू लागली, सीक्वेन्स आणि कलर आले, आणि ही खात्री नाहीशी झाली. खात्री गेली की आशा येते, आणि आशेबरोबर ‘बघू तरी’ येतं.

त्या काळी या खेळातली सगळ्यांत वाईट सवय म्हणजे समोरच्यावर विश्वास ठेवणं. बोटीवर झकपक कोट घातलेले धंदेवाईक जुगारी असत आणि कापूस विकून परतणारे मळेवाले असत. उतरताना कापसाचे पैसे कोटाच्या खिशात असत. लोकांनी हे सुधारायचे दोन मार्ग काढले. पहिला मार्ग विक्सबर्ग गावाचा. तिथल्या लोकांनी १८३५ च्या जुलैत पाच जुगाऱ्यांना सरळ फासावर लटकवलं. हा उपाय रामबाण खरा, पण सुधारणेचा फायदा ज्याला व्हायचा तोच उरत नाही. दुसरा मार्ग जोनाथन ग्रीनचा. हा स्वतः जुगारी. हा उपरती होऊन सुधारला, आणि १८४३ साली त्याने पत्त्यांतल्या लबाड्या उघड करणारं पुस्तक काढलं. मग तो देशभर व्याख्यानं देत हिंडला. खुणा केलेली पानं कशी ओळखावीत, वाटणारा हात कशी चलाखी करतो, सगळं सांगायचा. अशा व्याख्यानांना सुधारू इच्छिणारे किती आणि शिकू इच्छिणारे किती येत असतील, याचा मी नेहमी विचार करतो.

पण वाईट सवयी मोडण्याच्या गडबडीत एखादी चांगली सवय मोडू नये, हा धडा वाइल्ड बिल हिकॉकचा. हा पश्चिमेतला नावाजलेला पिस्तूलबाज. शत्रू गावोगाव. म्हणून त्याची एक पक्की सवय होती. पोकरला बसायचं ते भिंतीकडे पाठ करून. २ ऑगस्ट १८७६ ला डेडवूड गावच्या एका गुत्त्यात तो खेळायला आला तर भिंतीकडची जागा आधीच कुणी तरी धरलेली. त्याने जागा मागून पाहिली, समोरच्याने दिली नाही. आता डाव सोडून घरी जावं की दाराकडे पाठ करून बसावं? डाव सोडवला नाही. मागून जॅक मॅकॉल नावाचा माणूस आला आणि त्याने गोळी घातली. हातात एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी होती असं म्हणतात. अमेरिकेत त्या पानांना अजून ‘मेलेल्याचा हात’ म्हणतात. पुढे १९७९ साली पोकरच्या थोर खेळाडूंच्या यादीत हिकॉकचं नाव सन्मानाने घातलं. मेल्यावर एकशे तीन वर्षांनी बढती! आमच्या बँकेतही फायली याच वेगाने हलतात, म्हणून मला नवल वाटलं नाही.

आता ‘बघू तरी’कडे वळू. मी कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे मला आकडे दिसल्याशिवाय झोप येत नाही. बावन्न पानांतून पाच पानं एकूण २५,९८,९६० प्रकारांनी येऊ शकतात. त्यांतले १३,०२,५४० प्रकार असे, की ज्यांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त वेळा परमेश्वर तुमच्या हातात काहीही ठेवत नाही, आणि तरी लोक प्रत्येक डाव त्याच्या भरवशावर खेळतात. समजा तुमच्याकडे पंजी, छक्की, अठ्ठी आणि नव्वी आहे. मधली सत्ती आली की सीक्वेन्स झालीच. पाचवं निरुपयोगी पान टाकून तुम्ही एक नवं पान मागता. न दिसलेली पानं सत्तेचाळीस, त्यांत सत्त्या चार. म्हणजे जवळजवळ बारा वेळा मागावं तेव्हा एकदा सत्ती यायची. मधली फट भरायला जाऊ नये, हे तिकडचं म्हाताऱ्यांचं जुनं सांगणं आहे. ज्या म्हाताऱ्यांनी ते सांगितलं, त्यांनी आधी किती फटी भरून पाहिल्या असतील हे त्यांच्या बायकांनाच ठाऊक. माणसाला अकरा वेळा न आलेली सत्ती आठवत नाही. बाराव्या वेळी आलेली मात्र नातवंडांपर्यंत पोचते.

जाता जाता आपल्याही घरचा एक आकडा सांगतो. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी, हा सगळ्यांत मोठा हात. पण ट्रेल बावन्न प्रकारांनी येते आणि प्युअर सीक्वेन्स अठ्ठेचाळीसच. म्हणजे जास्त दुर्मीळ ती सीक्वेन्स, आणि मान मात्र ट्रेलला! हे मी एकदा जागरणात सांगितलं, तेव्हा मामांनी “तू वही लिही” एवढंच उत्तर दिलं.

हे आकडे पहिल्यांदा ज्याने मांडायचा प्रयत्न केला, त्याची कहाणी फार विचार करायला लावते. जिरोलामो कार्दानो, इटलीचा, जन्म १५०१, मृत्यू १५७६. युरोपभर गाजलेला वैद्य आणि बीजगणितातला बडा माणूस. आणि जुगारी? पंचवीस वर्षं फासे आणि चाळीस वर्षं बुद्धिबळ, हा त्याने स्वतःच आत्मचरित्रात दिलेला हिशेब. घरातलं सामान आणि बायकोचे दागिने त्यात गेले. व्हेनिसमध्ये एकाने खुणांच्या पत्त्यांनी फसवलं म्हणून त्याच्या तोंडावर खंजीर मारून हा आपले पैसे घेऊन पळाला. या गृहस्थाने जुगारावर एक पुस्तक लिहिलं. फाशांत कुठलं दान किती वेळा पडावं, पोकरचा पूर्वज म्हणतात त्या ‘प्रिमेरो’ नावाच्या खेळात कोणती पानं किती वेळा यावीत, याचा त्यात हिशेब आहे. संभाव्यतेच्या शास्त्राचं हे जवळजवळ पहिलं पुस्तक. आणि या खेळात खरा फायदा न खेळण्यातच आहे, असा निर्वाळाही त्याने त्यात दिला आहे. म्हणजे रोग कळला, औषध कळलं, औषधाचा शोध लावणारा स्वतः वैद्य, आणि तरी रोगी पुन्हा टेबलावर! पुस्तकही छापलं गेलं ते १६६३ साली, तो गेल्यावर सत्याऐंशी वर्षांनी. ज्ञान एक आणि उठून घरी जाणं दुसरं, हे मला कार्दानोने शिकवलं.

तरी उठून न जाताही निदान शहाणपणानं खेळणारे लोक झाले. हर्बर्ट यार्डली हा त्यांतला अस्सल. धंदा गुप्त लिपी फोडण्याचा. १९२१-२२ साली वॉशिंग्टनला आरमारांची परिषद भरली. जपानने अमेरिकेच्या दहा जहाजांमागे आपली सात मागितली होती. यार्डलीच्या माणसांनी जपानी तारा फोडून वाचल्या, त्यांत जपान सहावर राजी होईल असं निघालं. अमेरिका सहालाच चिकटून बसली आणि जपानने सहा घेतली. समोरच्याची पानं आधीच दिसत असली की पोकर किती सोपा होतो पाहा! पण यार्डलीने १९५७ साली पोकरवर जे पुस्तक लिहिलं, त्यात अशी जादू काही नाही. त्याचा उपदेश आमच्या आजीसारखा आहे. पानं चांगली नसतील तर टाक. आणखी एकदा टाक. कंटाळा आला तरी टाक. लोकांची वाईट सवय ही की ते खेळायला आलेत म्हणून खेळतात. यार्डलीच्या मते चांगला खेळाडू बहुतेक वेळ खेळतच नाही, नुसता बसलेला असतो. हे वाचल्यावर आमच्या काही काउंटरांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

रिचर्ड निक्सनला हे बरोबर साधलं. क्वेकर घरातला, जुगाराचं नाव घ्यायचं नाही असा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या एका बेटावर आरमारात असताना तो पोकर शिकला, आणि फार थोड्या हातांवर पैसे लावायची शिस्त त्याने पाळली. एकदा खुद्द चार्ल्स लिंडबर्गबरोबर जेवायचं बोलावणं आलं, तर त्या रात्री डाव ठरलाय म्हणून त्याने नाकारलं. काही हजार डॉलर जिंकून तो घरी आला आणि त्यांतले पैसे १९४६ च्या पहिल्या निवडणुकीला लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये चर्चिल आणि ट्रुमन आगगाडीने मिसुरीला निघाले होते. वाटेत पोकर झाला. पोलादी पडद्याचं भाषण खिशात घेऊन निघालेला, हिटलरपुढे न वाकलेला चर्चिल पत्त्यांत मात्र साफ हरला. पाहुण्याला फार लुटू नका, असं शेवटी ट्रुमनला आपल्या माणसांना सुचवावं लागलं म्हणतात. ‘कधीच माघार नाही’ हा बाणा लढाईत देश वाचवतो आणि पोकरमध्ये खिसा रिकामा करतो. निक्सनचं बरोबर उलटं झालं. टेबलावर वेळेवर पानं टाकणाऱ्या या माणसाने वॉटरगेटमध्ये १९७४ च्या ऑगस्टपर्यंत टाकली नाहीत.

आता थापेबद्दल. थाप मारण्यात आपल्याकडे दोन टोकं आहेत. काही लोक कधीच मारत नाहीत आणि काही दुसरं काही बोलतच नाहीत. जॉन फॉन नॉयमन नावाच्या हंगेरियन गणित्याने याचं शास्त्र केलं. १९२८ साली त्याने खेळांच्या गणितावर निबंध लिहिला, आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्र्याबरोबर जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पोकरवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : वाईट पानांवर थाप मारायची ती नेहमी जिंकण्यासाठी नाही. ती अधूनमधून पकडली गेली पाहिजे. म्हणजे मग चांगली पानं येतील तेव्हा लोक तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि पैसे लावतील. आमच्या चहावाल्या काकूंचं दुखणं इथे आहे. त्यांनी वाईट पानांवरही कधी कधी चहा मागायला हवा. मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “इश्श, उगीच कशाला कुणाला चहा करायला लावायचा?” गणितात सज्जनपणाला जागा ठेवलेली नाही, हा फॉन नॉयमनचा दोष.

पण फार वाईट सवय आमच्या मामांची. हरले की दुप्पट. तिकडे या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. शब्द आला पिनबॉल नावाच्या यंत्रावरून. नाणं टाकून गोळी उडवायची. गोळी नको तिकडे चालली म्हणून कुणी यंत्रच हलवलं, तर दिवा लागतो आणि यंत्र बंद पडतं. माणसाचंही तसंच. मोठा डाव अनपेक्षित गेला की डोक्यातला दिवा लागतो, आणि मग तो माणूस खेळत नसतो, नुसती यंत्राला लाथ मारत असतो. का होतं असं? कानमन आणि ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली ते मांडलं. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर गेल्याचं दुःख ही सारखी नसतात. दुःख दुपटीच्या आसपास जड असतं. त्यामुळे हरलेला माणूस भरपाईसाठी अशा जोखमी घेतो, ज्या जिंकताना त्याने स्वप्नातही घेतल्या नसत्या. कानमनला यासाठी २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. खरं सांगू? कर्ज खात्यातला कुठलाही कारकून त्यांना हे फुकट सांगू शकला असता. थकलेलं कर्ज बुडू नये म्हणून त्याच कर्जदाराला आणखी कर्ज द्यायचं, या चालीला बँकांत फार सभ्य नावं आहेत. मामा त्याला ‘चौपट’ म्हणतात.

यावर उपाय सापडलेला नाही असं नाही. आपल्या महाभारतातच तो आहे. नळाने फाशांत राज्य घालवलं, रानोमाळ झाला, शेवटी ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. रथ विदर्भाकडे, कुंडिनपूरला निघालेला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसत्या नजरेने मोजून सांगितली. नळाने रथ थांबवला. म्हणाला, मी मोजून बघणार! उशीर होत होता, पण त्याने मोजलीच, आणि आकडा बरोबर निघाला. मग ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतली, बदल्यात अश्वविद्या द्यायचं कबूल केलं, आणि त्या क्षणी अंगातला कली बाहेर पडला. ज्याने सांगितलेला आकडा तपासून पाहिला त्याच्या अंगातून कली गेला, याहून मोठी ऑडिटची महती मी कुठे वाचलेली नाही. पुढे नळाने पुष्कराशी एक डाव खेळून राज्य परत मिळवलं. एकच डाव. तिथेच थांबला.

पण ही कथा वाचून कुणी विद्या शिकायला धावू नये. स्टू उंगर हे नाव ऐकलं असेल. पोकरची जागतिक स्पर्धा त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा मारली. समोरच्याची पानं हा जणू आरपार बघायचा. टेबलावर त्याला एकही वाईट सवय नव्हती. सगळ्या टेबलाबाहेर होत्या. जिंकलेलं घोड्यांवर, सामन्यांवर आणि मादक द्रव्यांवर गेलं. १९९७ साली दहा लाख डॉलर जिंकले आणि १९९८ च्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलमध्ये तो मेलेला सापडला. वय पंचेचाळीस, खिशात हजाराच्या आत डॉलर. इथे माझी वही दोन भागांत फुटते. खेळातल्या वाईट सवयी एका पानावर, आणि खेळ हीच वाईट सवय झालेले लोक दुसऱ्या पानावर. पहिल्या पानाला यार्डली पुरतो. दुसऱ्याला फॉन नॉयमनही पुरत नाही.

दुसऱ्या पानावरचा एक जण माझ्या काउंटरवर आला होता. आला म्हणजे त्याची आई आली. निवृत्त शिक्षिका, मुलाच्या आणि आपल्या जोडखात्याचं पासबुक भरून घ्यायला. मशीनमधून ओळी निघू लागल्या. पाचशे. पाचशे. हजार. दोन हजार. चार हजार. मध्ये एक जमा, लगेच आठ हजार नावे. वेळा रात्री दीडच्या, अडीचच्या. ही ओळ माझ्या ओळखीची होती, मी ती पेन्सिलीने वर्षानुवर्षं लिहीत आलो आहे. फक्त काड्यांच्या ठिकाणी बाईंच्या पेन्शनचे पैसे होते. फोनवरच्या पत्त्यांत गेलेले. जागरणात पहाट होते, घरातली म्हातारी माणसं उठतात, कुणी तरी “आटपा आता, आरतीची तयारी करायचीय” म्हणतं, आणि मामा नाइलाजाने पानं खाली ठेवतात. फोनला पहाट होत नाही, आणि त्यात कुणाच्या आजीचा आवाज नसतो. सरकारचे कायदे आहेत. मुंबई इलाख्याचा १८८७ चा आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा संसदेचा २०२५ चा आहे. पण बाई काही कायदा विचारायला आल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसला, ओळी पुन्हा एकदा वाचल्या, आणि मला विचारलं, “यातलं जमा किती आणि नावे किती, तेवढं वेगळं करून द्याल?” मी दिलं. त्यांनी तो कागद घरी नेला आणि मुलाला न रागावता रोज रात्री नऊला त्याच्याकडून दिवसाचा खर्च लिहून घेऊ लागल्या. सही दोघांची. गेली दीड वर्षं दर महिन्याला पासबुक भरायला त्या येतात. ओळी साध्या असतात. विजेचं बिल, वाणी, औषधं. मुलगा आता बरोबर येतो आणि टोकन घेऊन मुकाट्याने बाकावर बसतो.

अमेरिकेत अशा लोकांनी १३ सप्टेंबर १९५७ ला लॉस एंजलिसला एकत्र बसायला सुरुवात केली. नाव न सांगता जमायचं, एकमेकांना आपापला हिशेब द्यायचा, आणि आजचा दिवस खेळायचं नाही. तत्त्व तेच. वही दुसऱ्याच्या हातात.

आणि या तत्त्वाची आद्य आचार्य म्हणाल तर ती अन्ना ग्रिगोरिएव्हना. दस्तयेव्हस्कीने १८६६ साली तिला ‘जुगारी’ ही कादंबरी सव्वीस दिवसांत सांगितली आणि तिने लघुलिपीत उतरवली. पुढल्या वर्षी लग्न. मग परदेशात चार वर्षं नवरा रूलेटवर आणि बायकोचे कानातले गहाणवटीच्या दुकानात. लग्नाच्या अंगठ्यासुद्धा गेल्या. अन्ना भांडली नाही, तिने लिहून ठेवलं. १८७१ साली नवरा उदास बसलेला पाहून तिनेच हातावर पैसे ठेवले आणि विस्बाडेनला जा म्हणाली. तो गेला, सगळं हरला, हा शेवटचा असं पत्र लिहिलं. अशी पत्रं त्याने आधीही लिहिली होती. पण या वेळी तो खरंच पुन्हा खेळला नाही, मरेपर्यंत. का, ते कुणी काहीही सांगो. रशियात परतल्यावर देणेकऱ्यांशी बोलणी अन्नाने केली, १८७३ पासून त्याची पुस्तकं स्वतः छापून घरातून विकली, आणि १८८१ साली तो गेला त्याच्या आधी सगळी कर्जं फेडून टाकली. अशा बाईला जगातल्या कुठल्याही बँकेने बोलावून शाखाधिकारी करायला हवं होतं. आमच्या बँकेत मात्र तिला आधी लेखी परीक्षेला बसावं लागलं असतं, आणि लघुलिपी येते म्हणून साहेबांनी टायपिंगला बसवलं असतं.